ठोकताळे आणि निर्णय: कृष्णाकाठच्या अनुभवातून

माणूस दिवसभरात जे निर्णय घेतो, त्यांतले फार थोडे हिशेब मांडून घेतलेले असतात. समोरच्यावर विश्वास ठेवावा की नाही, आज पीक काढावे की आठवडाभर थांबावे, रुग्णाला याच दवाखान्यात ठेवावे की मोठ्या इस्पितळात हलवावे, या प्रश्नांना लागणारी सगळी माहिती कधीच हाताशी नसते. असली, तरी ती चाळायला वेळ नसतो. अशा वेळी मन एखादी खूण पकडते आणि तिच्यावरून उत्तर बांधते. या पद्धतीला ठोकताळा म्हणतात. ठोकताळे बहुतेक वेळा बरोबर येतात, म्हणूनच ते टिकले. मात्र ते चुकतात तेव्हा कसेही चुकत नाहीत. ठराविक परिस्थितीत ते ठराविक बाजूलाच झुकतात, आणि त्यांच्यासोबत शिकलेला-न शिकलेला, सावकार-कूळ, डॉक्टर-रुग्ण असे सगळेच झुकतात. या ठरलेल्या झुकावाला मानसशास्त्रात निर्णयातला कल म्हणतात. तो मनाच्या घडणीतून येतो. एखाद्याच्या मूर्खपणाचा पुरावा म्हणून त्याच्याकडे पाहिले, तर विषय समजण्याआधीच हातातून निसटतो.

मिरज-सांगली भागात या विषयाचे सर्वांत ठळक आणि सर्वांत महाग पडलेले उदाहरण कृष्णेच्या पुराचे आहे. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्या पुलाजवळची पाण्याची उंची हेच आज या परिसरात पूर मोजण्याचे माप आहे. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये कोयना आणि वारणा धरणांतून पाणी सुटू लागले की मिरजेच्या कृष्णाघाटापासून सांगलीच्या गावभागापर्यंत एकच प्रश्न फिरतो: ‘आयर्विनला किती फूट?’ सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रस्ता यांपैकी कुठे आधी पाणी शिरते आणि कुठे नंतर, हे तिथल्या माणसांना तोंडपाठ असते. एका आकड्यावरून सामान कधी बांधायचे, जनावरे कधी सोडायची हे ठरते. हा उत्तम ठोकताळा आहे. त्याला यंत्र लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही आणि पिढ्यांच्या अनुभवाने तो पारखलेला आहे.

२००५ च्या पावसाळ्यात आयर्विनजवळ पाणी सुमारे ५४ फुटांवर गेले. तो पूर लोकांच्या स्मरणात इतका पक्का बसला की त्या वर्षाची पाण्याची रेघ हीच पुढे पुराची कमाल मर्यादा मानली गेली. घर बांधताना जोते त्या रेघेच्या वर घ्यायचे, दुकानातला माल त्या रेघेच्या वरच्या फळीवर ठेवायचा, आणि पाणी वाढू लागले तरी ‘२००५ ला इथपर्यंतच आलं होतं’ म्हणून वरच्या मजल्यावर थांबायचे, असे वागणे रूढ झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. सांगली-मिरजेचा नदीकाठ सपाट असल्याने उंचीतले तीन फूट म्हणजे जमिनीवर कितीतरी नव्या गल्ल्या. ज्यांच्या घरात कधीच पाणी आले नव्हते, ते आदल्या रात्रीपर्यंत निर्धास्त होते. बोटी कमी पडल्या, कारण तयारीचे मापही मागच्याच अनुभवाचे होते. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले.

या एका घटनेत तीन वेगवेगळे कल एकमेकांत गुंतलेले दिसतात. पहिला खुंट्याचा. मनात एखादा आकडा रोवला गेला की पुढचे सगळे अंदाज त्याच्या आसपासच घोटाळतात. ५४ हा आकडा रोवला गेल्यावर ५५ ची कल्पना करता येते, ५७ ची करवत नाही. दुसरा आठवणीचा. जे सहज आणि स्पष्ट आठवते ते वारंवार घडणारे वाटते, आणि जे कधी पाहिले नाही ते घडणारच नाही असे वाटते. तिसरा स्थितीला चिकटून राहण्याचा. घर सोडणे ही कृती आहे आणि थांबणे ही कृती वाटत नाही, त्यामुळे निघण्याची जबाबदारी जड वाटते आणि थांबण्याची वाटत नाही.

हे फक्त कृष्णाकाठीच घडते असे नाही. अमेरिकेत गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५ मध्ये माणसे पुराशी कसे जुळवून घेतात याचा पायाभूत अभ्यास मांडला. त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट केट्स यांनी १९६२ मध्ये पूरमैदानात राहणाऱ्यांच्या मुलाखतींतून दाखवले की लोक आपल्याच अनुभवाचे कैदी असतात. ज्यांनी पूर पाहिला आहे त्यांनाही पाहिलेल्यापेक्षा मोठा पूर कल्पनेत आणता येत नाही. मिरजेच्या माणसाने आणि हजारो मैलांवरच्या नदीकाठच्या माणसाने एकच चूक करावी, हे या शास्त्रासाठी फार महत्त्वाचे आहे. त्यामुळे दोष स्थानिक अज्ञानावर ढकलता येत नाही.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास गेले. या वेळी २०१९ ची आठवण ताजी होती आणि अनेक कुटुंबांनी पाणी दाराशी येण्यापूर्वीच जनावरे व सामान हलवले. आठवणीचा कल या वेळी उपकारक ठरला. पण तो टिकाऊ नसतो. २००५ ते २०१९ या चौदा वर्षांत भीती हळूहळू विरत गेली आणि नदीकाठच्या मोकळ्या जागांवर घरे उभी राहिली. पुन्हा दहा-बारा वर्षे मोठे पाणी आले नाही, तर तसेच होण्याचा धोका आहे.

पूर ओसरल्यावर आणखी एक कल डोके वर काढतो. घडून गेलेली गोष्ट ‘हे होणारच होते, आधीच कळायला हवे होते’ अशी वाटू लागते. बरूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांनी दाखवले की निकाल कळल्यावर माणसाला आपला आधीचा अंदाजही निकालाशी जुळणाराच होता असे मनापासून वाटते. त्याला जोडूनच एकाच कारणाचा शोध सुरू होतो: अलमट्टी धरण, किंवा कोयनेचा विसर्ग, किंवा अतिक्रमणे, किंवा पाऊस. या सर्व घटकांचा वाटा किती, हा जलशास्त्राचा कष्टाचा प्रश्न आहे. मनाला मात्र एक दोषी सापडला की तपास संपल्यासारखे वाटते, आणि मग पुढच्या पुराची तयारी मागे पडते.

या विषयाची शास्त्रीय मांडणी गेल्या सत्तर वर्षांतली आहे. त्यापूर्वीचे अर्थशास्त्र असे गृहीत धरत असे की माणूस सर्व पर्याय तोलून सर्वांत फायद्याचा निवडतो. हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकात हे गृहीतक नाकारले. माहिती, वेळ आणि बुद्धीची क्षमता या तिन्हींना मर्यादा असल्याने माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही, ‘पुरेसे चांगले’ मिळाले की थांबतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. १९७४ मध्ये आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि ठोकताळ्यांच्या अभ्यासाला आजचे रूप आले. त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. सहभागींसमोर आकड्यांचे चक्र फिरवले जाई आणि ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी व्यवस्था केलेली असे. मग विचारत, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचे प्रमाण शेकडा किती? ज्यांनी १० पाहिला त्यांच्या उत्तरांचा मध्य २५ आला आणि ज्यांनी ६५ पाहिला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होते. १९७९ मध्ये याच दोघांनी दाखवले की माणसाला शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचे दुःख बरेच अधिक होते, आणि नुकसान टाळण्यासाठी तो एरवी कधी घेणार नाही असे धोके घेतो. ट्वर्स्की १९९६ मध्ये वारले. कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

नुकसान न सोसण्याची ही वृत्ती मिरज तालुक्याच्या पूर्व भागात, कवठेमहांकाळात आणि जतमध्ये बोअरच्या खड्ड्याशी उभे राहिले की कळते. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी यायच्या आधी आणि जिथे ते अजून पोहोचत नाही तिथे आजही, शेतकऱ्याचा मोठा जुगार म्हणजे बोअर. तीनशे फुटांवर कोरडी धूळ निघत असते. गाडीवाला विचारतो, थांबायचे की आणखी शंभर फूट मारायचे? हिशेबाने पाहिले तर आतापर्यंतचा खर्च परत येणार नाही. निर्णय फक्त पुढच्या शंभर फुटांच्या खर्चाचा आणि त्यात पाणी लागण्याच्या शक्यतेचा असायला हवा. प्रत्यक्षात गेलेले पैसेच माणसाला पुढे ढकलतात. ‘एवढे घातले ते वाया कसे जाऊ द्यायचे’ या एका वाक्यावर पाचशे-सातशे फुटांपर्यंत खोदाई जाते. यात लोभ नसतो. कर्ज काढून घातलेला पैसा कोरड्या भोकात गेला हे घरी सांगणे जिवावर येते, आणि आणखी शंभर फूट हे सांगणे पुढे ढकलतात.

बोअरची जागा दाखवणारा पाणाड्याही याच विषयाचा भाग आहे. हातावरचा नारळ उभा राहिला किंवा कडुलिंबाची फांदी खाली वळली की तिथे पाणी, अशी समजूत. दख्खनच्या बेसाल्ट खडकात पाणी भेगांत आणि थरांच्या सांध्यांत असते आणि अनेक ठिकाणी थोडेफार लागतेही. म्हणजे पाणाड्याने कुठेही बोट ठेवले तरी काही बोअर यशस्वी होणारच. ज्या बोअरला पाणी लागले ती गावभर सांगितली जाते. जी कोरडी गेली तिचे कारण खडकात, नशिबात किंवा खोदणाऱ्यात शोधले जाते. पीटर वेसन यांनी १९६० मध्ये एका साध्या आकड्यांच्या कोड्याने दाखवले की माणूस आपल्या कल्पनेला दुजोरा देणारी उदाहरणेच शोधतो आणि ती खोटी ठरवू शकेल असे उदाहरण तपासतच नाही. पाणाड्याची परीक्षा घ्यायची, तर त्याने दाखवलेल्या सगळ्या जागा आणि न दाखवता खोदलेल्या सगळ्या जागा यांची शेजारी-शेजारी नोंद हवी. अशी वही गावात कुणी ठेवत नाही, आणि म्हणून विश्वास ढळत नाही.

द्राक्षबागेतला निर्णय याहून अवघड. तासगाव, कवठेमहांकाळ आणि मिरजेच्या पूर्व भागातल्या बागायतदाराला फळछाटणीची तारीख ठरवावी लागते. लवकर छाटली तर माल लवकर येतो आणि दर चांगला मिळतो. पण परतीचा पाऊस नेमका फुलोऱ्यात गाठतो आणि डाऊनी हा बुरशीचा रोग घडांवर उतरतो. उशिरा छाटली तर पाऊस टळतो आणि दर पडतो. योग्य तारीख कोणालाच आधी कळत नाही. बहुतेक बागायतदार गेल्या हंगामाकडे पाहून ठरवतात. गेल्या वर्षी लवकर छाटणाऱ्यांना पैसे झाले असतील, तर या वर्षी सगळेच लवकर छाटतात आणि सगळा माल एकदम बाजारात येतो. फवारणीचेही तसेच. ढग आले आणि फवारले नाही, आणि रोग आला, तर पश्चात्ताप आयुष्यभराचा. फवारले आणि रोग आला नाही, तर फवारणी वाया गेली असे कुणी म्हणत नाही. पश्चात्तापाची ही भीती खर्च आणि औषधांचे प्रमाण दोन्ही वाढवते. येथे शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे आहे. त्याच्याकडे एकच बाग आहे आणि एकच हंगाम.

मिरजेची ओळख मात्र सर्वांत अधिक दवाखान्यांनी आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९० च्या दशकात येथे मिशन हॉस्पिटल सुरू केले आणि तेव्हापासून सांगली-कोल्हापूरबरोबर अथणी, चिकोडी, विजापूरकडूनही रुग्ण मिरजेला येतात. ठोकताळ्यांची किंमत जीवनमरणाच्या मापात मोजली जाते ती येथे. पावसाळ्यात ओळीने डेंग्यूचे रुग्ण पाहिलेल्या डॉक्टरला पुढचा तापही डेंग्यूच वाटतो. बाहेरगावच्या डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलेले निदान खुंट्यासारखे रोवले जाते आणि पुढच्या तपासण्या त्याच्याभोवतीच फिरतात. अनुभवी डॉक्टरचा ठोकताळा बहुधा अचूक असतो, आणि म्हणूनच तो चुकतो तेव्हा त्याला कुणी हटकत नाही.

तपासणीच्या अहवालाचा अर्थ लावताना होणारी चूक तर आकड्यांनीच दाखवता येते. एक आजार हजारात एकाला होतो. त्याच्या चाचणीत, आजार नसलेल्यांपैकीही शेकडा ५ जणांना ‘आजार आहे’ असा खोटा निकाल मिळतो. आजार असलेला मात्र चाचणीतून सुटत नाही. एखाद्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तर त्याला खरोखर आजार असण्याची शक्यता किती? १९७८ मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित ६० डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारला गेला. फक्त ११ जणांनी बरोबर उत्तर दिले आणि सर्वांत जास्त वेळा आलेले उत्तर शेकडा ९५ हे होते. हजार माणसे डोळ्यांसमोर आणली की उत्तर उलगडते. आजारी एक, खोटे पॉझिटिव्ह सुमारे पन्नास; म्हणजे एकावन्न पॉझिटिव्हांत खरा एक, शेकडा दोनच्या आसपास. टक्क्यांत अडणारे मन माणसे मोजायला सांगितली की चालू लागते. रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना डॉक्टरांनी ही साधी रीत वापरली, तर कितीतरी घरांची निष्कारण झोपमोड वाचेल.

शब्दांची मांडणीही निर्णय फिरवते. १९८२ मध्ये बार्बरा मॅकनील, ट्वर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगावरील उपचारांची तीच माहिती दोन प्रकारे दिली. शस्त्रक्रियेनंतर शंभरांतले नव्वद जगतात, असे सांगितले तर शस्त्रक्रिया निवडणारे वाढले. शंभरांतले दहा दगावतात, असे सांगितले तर कमी झाले. डॉक्टरही त्याच बाजूला झुकले. मिरजेत रात्री अकरा वाजता अतिदक्षता विभागाबाहेर कागदावर सही करणाऱ्या मुलाला यांतले कोणते वाक्य ऐकायला मिळाले, यावर त्याच्या वडिलांचा उपचार ठरू शकतो. दोन्ही वाक्ये सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्य मानले गेले पाहिजे.

दुसऱ्यांकडे पाहून ठरवणे हा आणखी एक जुना ठोकताळा. शेजाऱ्याचे पीक चांगले आले तर त्याचेच बियाणे घ्यावे, हे शहाणपणच आहे. पण २०१९ मध्ये इस्लामपूर परिसरातून उघडकीला आलेल्या कडकनाथ कोंबडीपालनाच्या प्रकरणात याच शहाणपणाचा गैरफायदा घेतला गेला. पिल्ले द्यायची, अंडी आणि कोंबड्या चढ्या दराने परत विकत घ्यायची हमी द्यायची. सुरुवातीच्या शेतकऱ्यांना पैसे मिळाले, ते पाहून शेजारचे आले, त्यांना पाहून पाहुणे आले. प्रत्येकाने आधीच्याकडे पाहिले, आणि एवढी महाग अंडी शेवटी कोण विकत घेणार हे मुळातून तपासणारा विरळा राहिला. शेजाऱ्याला पैसे मिळणे हा धंदा खरा असल्याचा पुरावा नव्हता. नव्याने येणाऱ्यांचा पैसा फिरत होता, एवढेच त्यातून कळत होते.

सातारा-सांगलीच्या मातीत या विषयाला जवळचा, बुद्धिप्रामाण्यवादाचा, एक विचारप्रवाह आधीपासून आहे. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. त्यांचे वैद्यकीय शिक्षण मिरजेच्या शासकीय महाविद्यालयात झाले. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. बाबा-बुवांच्या दाव्यांना नोंद आणि पडताळणीची कसोटी लावा, हा त्यांच्या चळवळीचा आग्रह होता. निर्णयाचे मानसशास्त्र त्याच कसोटीवर आणखी पुढे जाते. ज्याचा भोंदूंवर अजिबात विश्वास नाही, असा अभियंता, प्राध्यापक किंवा शल्यविशारदही आपल्या क्षेत्रात दुजोरा शोधतो, खुंट्याला अडकतो आणि गेलेल्या पैशामागे पैसा घालतो. एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की कलांची यादी वाचल्यावरही माणसाला ते इतरांत दिसतात आणि स्वतःत दिसत नाहीत.

या मांडणीवर आक्षेपही आहेत आणि ते वजनदार आहेत. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर यांचे म्हणणे असे की प्रयोगशाळेतल्या कोड्यांवरून माणसाला चुकणारा ठरवणे बरोबर नाही. जिथे अनिश्चितता मोठी आणि माहिती तुटपुंजी, तिथे एका खुणेवर बसवलेला साधा नियम अनेकदा गुंतागुंतीच्या गणितापेक्षा चांगला चालतो. आयर्विनच्या फुटांवरून ठरवणारी सांगली-मिरज याचा पुरावाच आहे. २०१९ मध्ये तो नियम निकामी झाला, कारण पाऊस, विसर्ग आणि नदीकाठची बांधकामे यांची परिस्थिती बदलली आणि नियम जुनाच राहिला. ठोकताळ्याचे मोल त्याच्याभोवतीची परिस्थिती ठरवते, हा या दोन्ही बाजूंमधला मान्य होण्यासारखा मुद्दा आहे.

म्हणून उपायही मनाला उपदेश करण्यात नाही. कल ठाऊक असल्याने तो जात नाही. निर्णयाची व्यवस्था बदलावी लागते. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर मोठ्याने वाचायची जागतिक आरोग्य संघटनेची यादी आठ शहरांतल्या इस्पितळांत तपासली गेली. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आल्याचे दिसले. यादीत कोणतेही नवे ज्ञान नव्हते. नदीकाठच्या घरासाठी असाच उपाय म्हणजे मे महिन्यातच, डोके शांत असताना, किती फुटांना निघायचे आणि कुठे जायचे हे ठरवून ठेवणे आणि तो आकडा गाठल्यावर चर्चा न करणे. बोअरसाठी, गाडी यायच्या आधी जास्तीत जास्त फूट किती हे घरच्यांसमोर सांगून ठेवणे. दवाखान्यात, पहिले निदान न दाखवता दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे.

वाचकाने एवढे एक जरूर करावे. पुढचा मोठा निर्णय घेण्याआधी तारीख, आपला अंदाज, त्याची कारणे आणि कोणती गोष्ट घडली तर आपण चुकलो असे मानू, हे एका कागदावर लिहून ठेवावे, आणि निकाल लागल्यावर तो कागद काढून वाचावा.